आधी मी पडणार, मग तुम्ही!

"भिंगरी! ए भिंगरी! बाहेर येतेस की मी गाणं म्हणू?"

खिडकीखाली ढोल उभा होता. ढोलचं गाणं म्हणजे काय संकट असतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या आजोबांनी तर घाईघाईनं खिडकी लावूनही घेतली!

"अगं, तलावावर जायचंय ना?" ढोलच्या मागून शंक्या ओरडला. "मी ट्यूब आणलीय. पण हवा मधेच गेली तर? आणि पाणी गार असलं तर?"

"पाणी गारच असतं रे! तू काय चहात पोहणार आहेस?" ढोल म्हणाला.

एरवी यावर भिंगरी खदाखदा हसली असती आणि कोलांटी मारतच बाहेर आली असती. तिला भिंगरी म्हणत ते उगीच नाही. ही पोरगी सरळ अशी चालायचीच नाही. अंगणात हातांवर, जिन्यात एका पायावर, आणि दात घासायला जाताना चक्क उलटी! पण आज ती दारातच थांबली आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी नाही येत."

का येत नाही हे दोघांना विचारायची गरजच नव्हती. आत खाटेच्या कडेला तिचे बाबा बसले होते. हातात पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटाची नाडी ते ओवत होते, ओवून झाली की काढत होते, आणि पुन्हा ओवत होते.

हे म्हणजे शाळेचे खेळाचे सर बरं का! "उठा रे, हाडं गंजतील!" या त्यांच्या आरोळीनं रोज सकाळी गल्ली जागी व्हायची. सुट्टीत तर त्यांना जास्तच चेव यायचा. या सुट्टीत मात्र ते एकदाही ओरडले नव्हते. पोरं उन्हं वर येईपर्यंत लोळत होती, आणि गंमत म्हणजे त्यांनाही ते गोड लागत नव्हतं.

झालं होतं असं.

शाळेत एक लाकडी घोडा होता. पळत यायचं, घोड्यावर हात टेकायचे, पाय फाकून पलीकडे झेप घ्यायची आणि जाड, लांबलचक गादीवर उतरायचं. लहान पोरं तो घोडा पाहूनच मुसमुसायला लागत. म्हणून सरांचा एक नेम होता. तास सुरू होण्याआधी ते स्वतः घोड्यावर चढायचे, दोन्ही हात पसरायचे आणि धप्पकन पाठीवर गादीवर पडायचे. पोरांची हसून हसून पुरेवाट! मग सर केस झटकत उठायचे. "आधी मी पडणार, मग तुम्ही! लागलं का मला? नाही ना? चला, रांग लावा!" आणि भित्र्यातलं भित्रं पोरसुद्धा रांगेत उभं राहायचं.

वार्षिक समारंभाच्या दुसऱ्या दिवशीही सर असेच पडले. गादी मऊच होती. मग तुडतुडी धावत आली. तुडतुडी म्हणजे भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. साऱ्या शाळेत तिच्याइतकी लांब झेप कुणाची नव्हती. त्या दिवशी तर ती अशी उडाली की, सावरायला उभ्या असलेल्या सरांचा हातच पुरला नाही. ती उतरली थेट गादीच्या टोकावर, आणि जो आवाज आला तो भिंगरीला अजून झोपेत ऐकू यायचा.

पाय मोडला, तोही गुडघ्यापाशी. डॉक्टर म्हणाले, चालेल ती, पण उड्यांचं नाव काढायचं नाही. तुडतुडीच्या आईनं शाळेच्या दारात सगळ्यांसमोर सरांना विचारलं, "गादी होती ना? मग माझ्या पोरीचा पाय मोडला कसा? तुम्ही काय बघत होतात?" हेडसरांनी सरांना घरी बसायला सांगितलं. आता उद्या पालकसभा होती, आणि सरांना ठेवायचं की काढायचं ते तिथे ठरणार होतं.

"बाबा, चहा ठेवू?"

बाबांनी नको म्हणून मान हलवली. मग बुटाकडे बघतच पुटपुटले, "गादीच्या कोपऱ्यातलं ते भोकसुद्धा शिवायचं राहून गेलं माझ्याकडून. सगळीकडे माझाच हलगर्जीपणा."

भिंगरी थबकली. ते भोक! शाळेतल्या एकूण एक पोरानं त्यात बोट घातलेलं होतं. रांग गादीच्या कडेनं लागायची, आणि कंटाळा आला की बोट आपोआप त्या भोकात जायचं. आतून लाल, निळा, पिवळा असा रंगीबेरंगी स्पंजचा चुरा निघायचा. एकमेकांच्या केसांत तो टाकायचा हा तर ठरलेला खेळ.

"पण बाबा, ते शिवलेलं होतं!"

"कुठलं?"

"तेच! त्या दिवशी मी बोट घालायला गेले तर भोकच नाही. वर ठिगळ. तुडतुडी म्हणालीसुद्धा, सरांनी आपली गंमत घालवली म्हणून!"

"मी नाही शिवलं," बाबा म्हणाले. "मी तर समारंभाच्या खुर्च्या उचलत होतो. गादी सामानाच्या खोलीतून काढून किल्लीकाकांनी अंथरली." आणि ते पुन्हा नाडी ओवायला लागले.

भिंगरी धावतच बाहेर आली. ढोल आणि शंक्या अजून तिथेच घुटमळत होते. तिनं सगळं सांगितलं.

"मग कुणी शिवलं?" शंक्यानं डोकं खाजवलं. "आणि इतकी वर्षं कुणी शिवलं नाही, तर आत्ताच का? गादी उघडली होती की काय कुणी?"

"शंक्या," ढोल म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा तू कामाची शंका काढलीस!"

ट्यूब तिथेच टाकून तिघं शाळेकडे सुटले.

शाळेत रंगकाम चाललं होतं. हेडसरांच्या खोलीतलं सामान व्हरांड्यात आलं होतं. समारंभाला पाहुण्यांसाठी व्यासपीठावर मांडलेल्या रुबाबदार खुर्च्याही होत्या, मरून रंगाच्या कापडाच्या नव्या उशा लावलेल्या. ढोलनं मागचापुढचा विचार न करता एकीवर बैठक मारली.

"अहाहा! काय मऊ आहे रे! हेडसर दिवसभर झोपत असतील इथे!"

"ऊठ, कुणी बघेल!" शंक्या कुजबुजला. "आणि हे काय सांडलंस?"

ढोलच्या वजनानं उशीची एक शिवण उसवली होती. फरशीवर चुरा पडला होता. लाल, निळा, पिवळा.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंगरीनं तो चुरा चिमटीत घेतला. तिला काही विचारायचंच नव्हतं; ती चिमूट तिच्या बोटांच्या ओळखीची होती.

"ए पोरांनो! सुट्टीत इथे काय उकिरडे फुंकताय?" किल्ल्यांचा भलामोठा जुडगा खुळखुळवत किल्लीकाका आले. सामानाच्या खोलीचे हे धनी. कमरेला किल्ल्या, चेहऱ्यावर तोरा. "चला, निघा! उद्या सकाळी भंगारवाला यायचाय. घोडा, गादी, सगळी अडगळ काढायचीय मला."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. गादी गेली की संपलंच सगळं! आणि सामानाच्या खोलीला तर हे भलं दांडगं कुलूप.

ढोल तिचा चेहरा बघून मैदानाकडे पळाला. कोपऱ्यात पडलेला चेंडू त्यानं उचलला आणि असा लाथाडला की, तो सामानाच्या खोलीच्या फुटक्या झरोक्यातून थेट आत!

"काका, चेंडू गेला!"

"जाऊ दे. तोही भंगारात जाईल."

मग शंक्या मोठ्यानं म्हणाला, "राहू दे रे ढोल. काकांकडे त्या खोलीची किल्ली नसेल. ती हेडसरांकडे असेल."

"माझ्याकडे नसेल? माझ्याकडे?" काका भडकले. "या शाळेत असं एक कुलूप दाखव जे मला विचारल्याशिवाय उघडतं!" आणि दोन मिनिटांत त्यांनी स्वतःच दार सताड उघडलं!

आत धुळीचा वास होता. ढोल आणि शंक्या काकांना घेऊन पार मागच्या बाजूला गेले. "इकडे नाही काका, तिकडे! अहो, त्या पिंपामागे! काका, उंदीर तर नाहीत ना?" भिंगरी गादीच्या टोकापाशी गुडघ्यांवर बसली. तिनं हातानं दाबून पाहिलं. मधला भाग मऊ. टोक नुसतं गच्च, फरशी हाताला लागत होती. तिनं ठिगळाच्या कडेचा टाका दातांनी तोडला, ठिगळ ओढलं आणि बोट आत घातलं.

आतून कापड आलं. जाडं, हिरवं, कडेला सोनेरी झालर. व्यासपीठाचा जुना पडदा! समारंभाला नवा लावला आणि जुना कुठे गेला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिघं बाहेर आले तेव्हा ढोलला तर नाचावंसंच वाटत होतं. "सुटले! सर सुटले! टोकांचा स्पंज काढून खुर्च्यांना उशा, आणि गादीत पडदा कोंबला! उद्या सभेत जाऊन मी असं ओरडतो ना..."

"अगं, तू रडतेस काय?" शंक्यानं विचारलं.

भिंगरीनं मूठ उघडली. तिच्या हातात ते ठिगळ होतं. निळं कापड, त्यावर बारीक पिवळे ठिपके. तुडतुडीचा दुसरीतला फ्रॉक होता तो. तोच घालून तिनं भिंगरीसोबत पहिल्यांदा घोडा ओलांडला होता. आणि तुडतुडीची आई शिवणकाम करायची.



तुडतुडीचा पाय मोडल्यापासून भिंगरी तिच्या घरी गेलीच नव्हती. कुठल्या तोंडानं जाणार? पण गेली. दोघं पोरं बाहेरच पायरीवर थांबली.

खिडकीशी शिवणयंत्रावर मावशी, म्हणजे तुडतुडीची आई, बसल्या होत्या. पलीकडे पलंगावर तुडतुडी, पाय प्लास्टरमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. भिंगरीला पाहताच मावशींचं यंत्र थांबलं.

"कशाला आलीस गं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुझ्या वडलांनी पाठवलं का?"

"नाही. मी आपली... सहज."

"सहज यायला इतके दिवस लागले तुला?" पलंगावरून तुडतुडी म्हणाली. "मला वाटलं, मी आता उड्या मारत नाही म्हणून तू येत नाहीस."

"वेडी आहेस का?" भिंगरी पुढे धावली, आणि नंतर दोघी काय बोलल्या ते त्यांनाही कळलं नसेल, इतक्या त्या रडत होत्या. मावशींनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

भिंगरीनं तेव्हाच मनाशी ठरवलं, सांगायचं नाही. बाबा आधीच मोडलेत. आता मावशींनाही मोडायचं? तिनं मूठ पाठीमागे घेतली. पण तुडतुडीच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"हातात काय आहे? दाखव."

"काही नाही."

"भिंगरी, दाखव म्हणते ना!"

मूठ उघडली. तुडतुडी म्हणाली, "अय्या, माझा फ्रॉक!" आणि मावशींनी वळून पाहिलं.

त्यांनी ते ठिगळ हातात घेतलं. उलटं केलं. टाके पाहिले. मग त्या हळूहळू खाली, फरशीवरच बसल्या.

"तो किल्लीवाला समारंभाच्या आधी घेऊन आला होता," त्या म्हणाल्या. "खुर्च्यांच्या उशा माझ्याकडूनच शिवून नेल्या. मग गादी आणली. म्हणाला, आत भरलंय सगळं, तोंडं तेवढी शिवून द्या. मी शिवली. दुहेरी धाग्यानं शिवली, पोरांची आहे म्हणून. आणि भोक दिसलं तर आपणहून ठिगळ लावलं. म्हटलं, आपलीही पोर यावर उड्या मारते." त्यांनी ठिगळ मुठीत आवळलं. "आत काय भरलंय ते नाही गं पाहिलं. मीच शिवली ती गादी. माझ्या हातानं."

"आई!" तुडतुडी ओरडली. तिला उठून आईकडे जायचं होतं आणि पाय तर हलत नव्हता.

"मावशी, मी कुणाला नाही सांगणार," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "ढोल, शंक्याही नाही सांगणार. शप्पथ!"

मावशींनी तिला जवळ ओढलं. "आणि तुझे बाबा? त्यांना मी शाळेच्या दारात, सगळ्यांसमोर..."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि रिकाम्या हातानं परत गेला. दाराशी ढोल गात होता! तोवर पालकसभा भरली होती. हेडसर मऊ खुर्चीत बसले होते. सगळ्यात मागच्या बाकावर भिंगरीचे बाबा, मान खाली घालून. हेडसरांनी घसा खाकरला. "तर, जो दुर्दैवी हलगर्जीपणा झाला..."

"हेडसर, जरा उठता का?" मावशी सरळ पुढे आल्या. त्यांच्या हातात कात्री होती.

हेडसर इतके दचकले की खरोखरच उठले. मावशींनी उशी उचलली आणि टर्रकन फाडली. लाल, निळा, पिवळा चुरा सगळ्या टेबलावर पसरला. तेवढ्यात भंगारवाल्यासाठी उघडलेल्या खोलीतून ढोल आणि शंक्या गादी ओढत आत आले. भिंगरीनं आतला पडदा ओढायला सुरुवात केली. तो हिरवा पडदा येतच राहिला, येतच राहिला.

"गादी मी शिवली," मावशी म्हणाल्या. "आत काय आहे ते न बघता. माझ्या पोरीचा पाय सरांनी नाही मोडला."

"अहो, वाईट हेतू नव्हता हो कुणाचा!" किल्लीकाकांना घाम फुटला. "पाहुण्यांना खुर्च्या टोचायला नकोत म्हणून हेडसर म्हणाले, काहीतरी करा. मी विचार केला, टोकांना कोण पडतंय? सर रोज मध्येच पडतात. रोज बघतो ना मी!"

हेडसरांचा चेहरा उतरला. "ती पडली त्या दिवशीच मला कळलं होतं," ते हळूच म्हणाले. "माझी बोलायची छाती झाली नाही. सर, मला माफ करा. सुट्टीनंतर तुम्ही यायचंच आहे."

मग एकच गलका झाला. कुणी हेडसरांवर तुटून पडले, कुणी ढोल-शंक्याची पाठ थोपटली. खिडकी लावून घेणारे समोरचे आजोबा तर उभे राहून म्हणाले, "शाबास रे पोरांनो! आम्ही एवढी मोठी माणसं, पण गादी उघडून बघायचं आमच्या मनातही आलं नाही. आणि ढोल, तू खुशाल गात जा!" सगळे हसले.

भिंगरीला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. ती बाबांकडे बघत होती. ते उठले होते. मावशी हात जोडून त्यांच्यासमोर उभ्या होत्या. बाबांनी त्यांचे हात खाली घेतले.

"किल्लीकाकांचं खरं आहे," बाबा म्हणाले. "मी रोज मध्येच पडत होतो. पोरं कुठेही पडतात." आणि ते निघून गेले.

घरी आल्यावर त्यांनी बूट कपाटाच्या वर ठेवून दिले. शाळेत येईन, पण घोडा मांडणार नाही, म्हणाले. भिंगरीनं विनवण्या केल्या, रुसून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. तिनं बाबांना परत आणलं होतं आणि बाबा परत आलेच नव्हते!

शेवटी तुडतुडीनंच बोलावणं धाडलं. सुट्टी संपता संपता एका सकाळी शंक्या धापा टाकत आला. "सर, तुडतुडी मैदानावर आलीय. ती म्हणते, तुम्ही आला नाहीत तर ती घरी जाणार नाही. आणि सर, ऊन लागलं तर तिला?"

सर तसेच चपला घालून निघाले.

मैदानावर घोडा मांडलेला होता. पुढे गादी. मावशींनी उशांमधला सगळा स्पंज परत भरला होता आणि नवे टाके घातले होते. बाजूला खुर्चीवर तुडतुडी बसली होती, पाय स्टुलावर ठेवून. गल्लीतली चिल्लीपिल्ली घोड्याकडे बघत चिकटून उभी होती. त्यातली एक तर रडतही होती.

"यांना उडी शिकायचीय," तुडतुडी म्हणाली. "पण घाबरतात. सर, आधी तुम्ही."

सर एक पाऊल मागे सरले. भिंगरीला वाटलं, आता हे परत फिरणार. पण त्यांनी चपला काढल्या, घोड्यावर चढले, हात पसरले आणि पडले. धप्प! मध्ये.

कुणी हसलं नाही.

सर उठले. परत चढले नाहीत. गादीवरच जरा बाजूला सरकले आणि पाठीवर पडले. उठले, आणखी थोडं सरकून पुन्हा पडले. या कडेला, त्या कडेला, अलीकडच्या टोकाला, पलीकडच्या टोकाला. सदरा धुळीनं भरला, धाप लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही थांबत नव्हते. भिंगरीनं ढोलचा हात घट्ट धरला. ढोलही रडत होता, पण आवाज न करता. एवढ्या गप्प ढोलला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी सर गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. "झालं," ते म्हणाले.

"सर," तुडतुडी म्हणाली, "तो कोपरा राहिला."

कोपऱ्यात ठिगळ होतं. निळं, पिवळ्या ठिपक्यांचं. मावशींनी ते पुन्हा लावलं होतं. सर तिथे गेले, दोन्ही हात पसरले आणि त्यावर पडले. आणि या वेळी ते उठले नाहीत. आभाळाकडे बघत तसेच पडून राहिले.

"लागलं का सर?" तुडतुडीनं विचारलं.

"हो गं," सर म्हणाले. "खूप लागलं."

"मलाही," ती म्हणाली. मग तिनं नाक पुसलं आणि त्या चिल्ल्यापिल्ल्यांकडे वळली. "बघता काय? चला, रांग लावा!"

भिंगरी जाऊन रांगेत पहिली उभी राहिली.